नीट बस, म्हणजे नेमकं कसं?



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा आम्ही म्हटलं, "हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम, आणि ते खेळताना बसावं कसं." पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग अगदी अदबीनं प्रश्न आला, "सर, म्हणजे मुलांच्या व्यसनाबद्दल का?" व्यसनाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते बरं बोलतात. आम्ही आज बसण्याबद्दल बोलणार आहोत. पार्ल्यात व्याख्यानांना तोटा नाही. लोकमान्य सेवा संघ १९२३ सालचा, म्हणजे शंभरी ओलांडलेला. एवढ्या वर्षांत पार्लेकरांनी खुर्चीत बसून कशाकशाबद्दल ऐकलं असेल! पण खुद्द खुर्चीबद्दल कुणी बोललेलं आमच्या तरी ऐकण्यात नाही.

आधी एक कबुली. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि डॉक्टरेट केली ती शरीर आणि मन यांच्या संबंधावर. तीनशेवर पानांचा प्रबंध. त्यात शरीर हा शब्द पानोपानी येतो. पण त्या शरीराला कोपर आहे, मान आहे, एका कुशीवर फार वेळ पडलं की हात बधिर होतो, याचा उल्लेख एकदाही नाही. तो प्रबंध लिहिताना आमची स्वतःची मान आखडली होती. ती आम्ही प्रबंधात घेतली नाही. (हशा)

आता गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे, त्यामुळे आम्ही सगळे पार्ल्यातच भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि बारा वर्षांचा नातू. नातवाकडे निन्टेन्डोचा स्विच आहे, त्याच्या मामानं परदेशातून आणलेला. शाळा, क्लास, जेवण आटोपलं की तो घेऊन बसायचा. बसायचा म्हणजे काय, कधी सोफ्याच्या कोपऱ्यात गुडघे छातीशी घेऊन, कधी पाय सोफ्याच्या पाठीवर आणि डोकं जमिनीकडे, कधी दिवाणावर पालथा, कधी आमच्याच पलंगावर पांघरुणाच्या आत. आणि आमचं येता-जाता एकच, "नीट बस." दिवसातून दहा वेळा. एकदा त्यानं मान वर करून विचारलं, "आजोबा, नीट म्हणजे कसं? तुम्ही सांगा, तसा बसतो." आम्ही म्हटलं, "ताठ." तो ताठ बसला, हात मांडीवर. खेळ इतका खाली गेला की मान वाकली. मान सरळ ठेवायची तर हात वर घ्यायला हवेत. हात वर घेतले, तर पाच मिनिटांत खांदे भरून आले. "आता?" त्यानं विचारलं. आम्ही पेपर उघडला.

पुढे कळलं की त्याची डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, मुंग्या येतात. आम्हांला नाही कळलं, त्याच्या आजीला कळलं, कारण दूध पिताना पेला हातातून निसटला. कधीपासून? गणपतीच्या आधीपासून. मग सांगितलं का नाहीस? "सांगितलं असतं तर आजोबांनी गेम काढून घेतला असता."

खरं होतं. आम्ही काढूनच घेतला असता.

डॉक्टरांनी कोपर दाबून पाहिलं. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीतून एक नस जाते. टेबलाची कड लागली की झिणझिण्या येतात, तीच. कोपर फार दुमडलं की ती ताणली जाते, आणि कोपरावर भार टाकला की दाबली जाते. पांघरुणात कुशीवर पडून खेळ चेहऱ्याशी धरायचा म्हणजे दोन्ही एकदम. काही आठवडे कोपर सरळ ठेवायला लावलं, हात बरा झाला. पण एका मुलानं दुखणं लपवलं ते आमच्या भीतीनं, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. म्हणून आम्ही शोधायला बसलो, की आपण त्याला इतके दिवस जे सांगत होतो त्याला काही अर्थ होता का.

आमचा पेशा समीक्षेचा, तेव्हा सुरुवात तिथून. भरताच्या नाट्यशास्त्रात रसाचा अध्याय सहावा. सगळे तिथून सुरुवात करतात, आम्हीही वर्गात तिथूनच करायचो. पण दुसरा अध्याय प्रेक्षागृहाचा आहे. मंडप केवढा असावा, कोणत्या आकाराचा, खांब कुठे, आणि लोकांनी बसायचं कुठे. पायऱ्यांसारख्या चढत्या रांगा, विटांच्या आणि लाकडाच्या, जमिनीपासून हातभर उंच, म्हणजे सगळ्यांना रंगपीठ दिसावं. रसाची गोष्ट काढायच्या आधी भरतानं माणसांना बसवून घेतलं! पुढे अभिनवगुप्तानं रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली. त्यांतलं एक असं, की प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असतो. वर्गात याचं उदाहरण म्हणून आम्ही घरचं भांडण, डोक्यावरचं कर्ज असलं काही सांगायचो. पाठीतली कळ कधी सांगितली नाही. मराठीतही मर्ढेकरांपासून रा. भा. पाटणकरांपर्यंत सौंदर्यविचार केवढा झाला. लय आहे, लौकिक-अलौकिकाचा वाद आहे. पण वाचकाची मान त्यात कुठे नाही.

हातातला खेळ ही अशी कला आहे की जिला मंडपच नाही. सिनेमाला थिएटर आहे, टीव्हीला दिवाणखाना आहे, कीर्तनाला देवळाचा सभामंडप आहे. या खेळाचा कर्ता पडदा देतो, बटणं देतो, आत एक आख्खं जग देतो, आणि बसायची व्यवस्था मात्र खेळणाऱ्यावर सोडतो. मग तो पोरगा स्वतःच्या गुडघ्यांचं, कोपरांचं, उशीचं आणि भिंतीचं प्रेक्षागृह बांधतो. पंधरा मिनिटांनी ते कोसळतं, की दुसरं बांधतो. आम्ही ज्याला चाळवाचाळव म्हणून ओरडत होतो ते बांधकाम होतं. म्हणून या वस्तूंवर आमचा पहिला आक्षेप हा, की त्यांचा दुसरा अध्याय लिहायचाच राहून गेला आहे.

सुरुवातीला तसं नव्हतं. १९८० साली निन्टेन्डोनं गेम अँड वॉच काढला, तो गुन्पेई योकोई यांच्या डोक्यातून निघाला. बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार माणूस कॅल्क्युलेटरची बटणं दाबत वेळ काढत होता, तो पाहून योकोईंना ते सुचलं, अशी गोष्ट सांगतात. आम्हांला त्या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे, की योकोईंच्या डोळ्यांसमोर एक बसलेला माणूस होता. गाडीतली सीट, मांडीवर हात, शेजाऱ्याला कळणार नाही एवढीच हालचाल, दोन अंगठे. बैठक आधी, वस्तू नंतर. खेळही छोटे, दोन स्थानकांमध्ये संपणारे.

नंतर वस्तू वाढत गेली आणि बसलेला माणूस चित्रातून गेला. १९८९ चा गेम बॉय बॅटऱ्या सोडून सुमारे २२० ग्रॅमचा होता. २०१७ चा स्विच दोन्ही बाजूंचे कंट्रोलर धरून चारशे ग्रॅमच्या घरात. २०२२ मध्ये वॉल्व कंपनीचा स्टीम डेक आला, तो ६६९ ग्रॅम. घरी जाऊन अर्धा किलो तूरडाळीची पिशवी घ्या, वर एक मोठा कांदा ठेवा, आणि हे सगळं दोन्ही हातांनी छातीसमोर पाऊण तास धरून बघा. आणि जाहिराती कशा? स्विचची पहिली चित्रफीत ऑक्टोबर २०१६ मध्ये आली. त्यात माणसं विमानात खेळतात, मैदानाच्या कडेला खेळतात, एक बाई तर गच्चीवरच्या पार्टीत घेऊन जाते. सगळे हसतमुख. कुशीवर पडून एक हात मेलेला, गालाखाली उशी चुरगळलेली, असा एकही माणूस त्यात नाही. जगात हा खेळ प्रामुख्यानं तसाच खेळला जात असावा, असा आमचा घरच्या निरीक्षणावरून तर्क आहे.

अडचण शरीराच्या रचनेतली आहे. डोळ्यांना वस्तू समोर हवी, म्हणजे चेहऱ्याच्या उंचीच्या जवळपास. हातांना ती खाली हवी, कोपरं बरगड्यांशी आणि मनगट कमरेच्या वर जरासं. दोघांमध्ये चांगलं हातभर अंतर आहे. हातातली वस्तू डोळ्यांना आणि हातांना एका जागी बांधते. मग कुणीतरी सोसायचं. खेळ खाली घेतला तर मान सोसते, वर घेतला तर खांदे सोसतात. उताणं झोपलं तर दंड दुखतात, आणि झोप लागली तर खेळ नाकावर पडतो. पालथं झोपून कोपरांवर उठलं तर कंबर आणि कोपरं. कुशीवर झोपलं तर काय होतं ते सांगून झालं. एकूण दुखणं तेवढंच राहतं, फक्त ते वेगवेगळ्या अवयवांत वाटलं जातं.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, मग पुस्तकाचंही तेच. बरोबर! पुस्तकही हातातच धरतो आपण. पण जुन्या माणसांनी त्याचा विचार केला होता. पोथी वाचायला कात्रीसारखी उघडणारी घडीची लाकडी चौकी असायची, अजून पुष्कळ घरांत असेल. पोथी चौकीवर, माणूस पाटावर, हात मोकळे. आणि हातात धरायचा खेळ म्हणाल तर तोही आपल्याकडे जुना आहे: पत्ते. तेरा पानांना वजन नाही, कोपर गुडघ्यावर टेकतं, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याची पाळी येते. तो विचार करतो तेवढ्यात तुम्ही मांडी बदलता, चहाचा कप उचलता. पाळी ही मोठी गोष्ट आहे. व्हिडिओ गेम पाळी देत नाही.

खेळणाऱ्यांची खरी कारागिरी बघायची असेल तर सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये बघा. फोनवरचे खेळ दोन्ही अंगठ्यांनी खेळायचे, म्हणजे कडी धरायला हात उरत नाही. तरी मुलं उभ्यानं खेळतात. एक खांदा फळीला लावायचा, एक पाऊल आडवं टेकवायचं, सॅक पोटावर घ्यायची आणि तिच्यावर मनगटं. बाकीचा आधार गर्दी देते. दादरपर्यंत पडायची सोयच नसते. आणि चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून बसलेला तर कोपरं इतकी अंगाशी घेतो की योकोईंना तो आपलाच माणूस वाटला असता. पण सॅक पोटावर घेऊन तिच्यावर मनगटं टेकणं, हे कुणी शिकवलं त्यांना? कुणी नाही. फ्रेंच विचारवंत मार्सेल मोस यांनी १९३४ साली एक व्याख्यान दिलं होतं, शरीराच्या तंत्रांवर. चालणं, पोहणं, बसणं ही सगळी शिकलेली तंत्रं आहेत, निसर्गानं दिलेली नाहीत, असं त्यांचं म्हणणं. महायुद्धात चिखलात थांबावं लागलं की ऑस्ट्रेलियन सैनिक टाचांवर उकिडवे बसून विसावा घेत आणि मोस मात्र उभेच राहत. त्यांना बसता येत नव्हतं! मूल उकिडवं बसतं आणि आपण मोठे झाल्यावर ते विसरतो, याची त्यांना खंत होती. पुढे गॉर्डन ह्यूज या अमेरिकन मानवशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात जगभरच्या बैठकींचा अभ्यास केला आणि माणसाचं शरीर सुमारे हजार प्रकारांनी स्थिर राहू शकतं असा अंदाज दिला. हजार. आम्ही नातवाला त्यातली एकच सांगत होतो.

बरं, ती एक तरी बरोबर होती का? नव्वद अंशांत ताठ बसणं म्हणजे आरोग्य, हे आमच्या पिढीला शाळेच्या बाकानं शिकवलं. १९५३ साली कीगन नावाच्या अमेरिकन शल्यचिकित्सकानं माणसांना निरनिराळ्या स्थितींत ठेवून कमरेचे एक्स-रे काढले. मांडी आणि धड यांच्यात काटकोन झाला की कमरेची नैसर्गिक वक्रता सपाट होत जाते. ती टिकते सुमारे १३५ अंशांच्या आसपास, म्हणजे माणूस जरा रेललेला असताना. आता त्या बाकावरच्या नव्वद अंशांचा पाठीच्या कण्यापेक्षा शिस्तीशी जास्त संबंध असावा, असं आम्हांला वाटू लागलं आहे.

दुसरा सल्ला तुम्हांला व्हॉट्सॲपवर आला असेल. मान साठ अंश वाकवली की तिच्यावर २७ किलोचा भार येतो, म्हणजे एक शाळकरी पोर मानेवर बसल्यासारखं. चित्रासकट येतो. हा आकडा न्यूयॉर्कचे डॉक्टर हंसराज यांच्या २०१४ च्या लेखातला. तो संगणकावर गणिती नमुना बांधून काढलेला आहे. कुणाच्या मानेत काटा बसवून मोजलेला नाही. आणि भार वाढतो म्हणजे दुखतंच, असंही त्यातून निघत नाही. ब्राझीलमध्ये रिओला अठरा ते एकवीस वर्षांच्या १५० मुलामुलींची पाहणी झाली, २०१८ साली छापून आली. त्यात मान वाकवून फोन बघणं आणि मानदुखी यांचा संबंध सापडला नाही. एका पाहणीनं काही सिद्ध होत नाही, पण २७ किलोचं पोर मात्र प्रत्येक कुटुंबाच्या ग्रुपवर बसलेलं आहे. आम्हांला आक्षेप आहे तो या सल्ल्याच्या सुराशी. तो घाबरवतो, आणि घाबरलेलं मूल लपवतं. त्या मानानं १९९० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेलं एक छोटं पत्र आम्हांला फार शहाणं वाटतं. पस्तीस वर्षांची एक बाई, निन्टेन्डोवर सलग पाच तास खेळली आणि तिचा अंगठा दुखायला लागला. डॉक्टरांनी त्या दुखण्याला निन्टेन्डोच्या नावावरूनच एक गमतीचं नाव दिलं. बाई पस्तीसची आहे आणि कुणी तिला रागावलेलं नाही.

आमच्याकडे रागावणं भाषेतच मुरलेलं आहे. बसण्याला मराठीत किती शब्द आहेत बघा. मांडी घालणं, मांडी ठोकणं, उकिडवं बसणं, फतकल मारणं, पाय पसरणं, तंगड्या टाकणं, रेलणं, लवंडणं, लोळणं, पोक काढणं, ठाण मांडणं, ऐसपैस बसणं. एवढी श्रीमंती थोड्या भाषांत असेल. पण एकेक शब्द नीट ऐका. यात नुसतं वर्णन करणारा शब्द जवळजवळ नाही. फतकल म्हटलं की बाईला टोमणा, तंगड्या म्हटलं की पोराला, लोळणं म्हटलं की आळस, पोक म्हटलं की नाकर्तेपण. मांडी तेवढी सोवळी, कारण ती जेवणाची आणि पूजेची. शब्द आला की निकाल लागतो, कुठे टेकलंय, कुठे ताणलंय हे बघायची गरजच उरत नाही. आणि गंमत म्हणजे ज्याची आपण पूजा करतो तो गणपती पुष्कळ मूर्तींमध्ये एक पाय दुमडून, एक पाय खाली सोडून, चांगला सैलावून बसलेला असतो. ललितासन म्हणतात त्याला. त्याला आजवर कुणी "नीट बस" म्हटलेलं नाही. (हशा)

योगाचं काय, असं इथं विचारलं जाणारच. शेजारी सांताक्रूझला योगेंद्रजींची द योगा इन्स्टिट्यूट आहे, तिची स्थापना १९१८ ची. आपल्याकडे आसन हा शब्द पोराटोरांना माहीत. पण पतंजलीनं आसनावर फक्त तीन सूत्रं खर्ची घातली आहेत, आणि त्यात कण्याच्या कोनाचा उल्लेख नाही. बैठक टिकावी आणि ती सुखाची असावी, प्रयत्न सैल पडावेत, असा त्याचा रोख आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात धड, मान आणि मस्तक सरळ ठेवायला सांगितलं आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. पण तिथं हातात काही धरायला सांगितलेलं नाही!

तरी योगी आणि खेळणारा यांच्यात एक साम्य आहे, आणि ते आम्हांला थोडं भीतिदायक वाटतं. दोघांनाही शरीर विसरायचं असतं. ड्रू लेडर या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९९० च्या आपल्या पुस्तकात मांडलं आहे की शरीर नीट चाललेलं असतं तेव्हा ते आपल्या जाणिवेतून नाहीसं होतं, आणि दुखायला लागलं की परत येऊन समोर उभं राहतं. आता चांगली बैठक म्हणजे कोणती? जिच्यात शरीर विसरता येतं ती. पण विसरलेलं शरीर हलत नाही, आणि न हललेलं शरीरच दुखतं. म्हणजे बैठक जितकी आरामाची तितकी ती घातक. पांघरुणातली कूस ही माझी सगळ्यांत बेस्ट पोझिशन आहे, असं आमचा नातू सांगायचा, आणि हात त्याच बेस्ट पोझिशननं बधिर केला. योगी आधी बैठकीकडे पूर्ण लक्ष देतो आणि मग तिला सोडून पुढे जातो. खेळणारा थेट पुढे जातो. बैठक मागे उरते, रस्त्यावर सोडलेल्या स्कूटरसारखी, कुठेही, कशीही.

हे सगळं वाचत असताना आम्हांला आमच्या जुन्या घरातली आरामखुर्ची आठवत होती. वडिलांची. वेताची बैठक, मागे चांगली रेललेली, आणि दोन्ही हात लांबच लांब, रुंद, सपाट. तिच्यात बसलं की धड मागे, कोपरं दोन्ही हातांवर टेकलेली, आणि हातातली वस्तू आपोआप डोळ्यांसमोर. मान वाकत नाही, खांदे उचलावे लागत नाहीत. कीगनचे १३५ अंश तिच्यात होते. हातातला खेळ खेळायला याहून चांगलं आसन आम्हांला अजून सापडलेलं नाही. इमारत रिकामी करताना ती आम्ही विकली. "भाड्याच्या जागेत कुठे ठेवणार, आणि नव्या फ्लॅटमध्ये तरी कुठे?" हे वाक्य आमचंच. आता ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात तसल्या खुर्चीची किंमत विचारली आणि आम्ही गुपचूप रिक्षात बसलो.

नव्या फ्लॅटचा नकाशा आमच्याकडे आहे. टीव्हीची भिंत दाखवली आहे, कपाटांच्या भिंती दाखवल्या आहेत. पाठ टेकून जमिनीवर बसता येईल अशी मोकळी भिंत शोधून सापडत नाही. जुन्या गॅलरीत झोपाळ्याच्या कड्या होत्या, नव्या नकाशात गॅलरीही नाही आणि कड्याही नाहीत. लोड-तक्के आम्ही आधीच वाटून टाकले. तेव्हा मुलं सोफ्यावर उलटी का लोंबकळतात, याचं उत्तर मुलांकडे कमी आणि नकाशाकडे जास्त आहे.

न्यायाची गोष्ट म्हणून एक सांगायला हवं. स्विचचे बाजूचे दोन कंट्रोलर निघतात आणि पडद्याला मागे टेकू आहे. म्हणजे पडदा समोर उभा करा आणि हात जिथं सुखात असतील तिथं ठेवा. डोळे आणि हात यांची गाठ त्यांनी सोडवली. दुसऱ्या अध्यायाचं अर्धं पान त्यांनी लिहिलं, असं आम्ही म्हणू. त्याचा बारका टेकू पलंगावर लवंडतो, म्हणून नातवाच्या आजीनं माळ्यावरून पोथीची चौकी काढली. तिच्यावर स्विच छान बसला. पोरगा भिंतीच्या उरल्यासुरल्या तुकड्याला टेकून, पाय पसरून, दोन्ही हात मांडीशी. आम्ही इतके खूश झालो की सोसायटीच्या दोन-तीन लोकांना बोलावून दाखवलं.

सहा दिवस टिकलं. सातव्या दिवशी तो पुन्हा दिवाणावर पालथा. आम्ही रागावलो नाही, विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, ते चांगलंय. पण असं लांब ठेवलं की मला आत जाता येत नाही. सगळे दिसत राहतात."

दोन खोल्या, पाच माणसं. सगळे दिसत राहतात, आणि त्यात सगळ्यांत जास्त आम्ही दिसत असणार. तो गुडघ्यांची, कोपरांची, पांघरुणाची भिंत बांधत होता. खेळापुरती का होईना, त्याला एक खोली हवी होती. मानेचा, कोपराचा, कोनाचा एवढा विचार केला आणि हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. यावर आमच्याकडे उपाय नाही. खिडकीजवळचा कोपरा आम्ही त्याला दिला, तिथं आमची पुस्तकं असायची. चौकीही तिथंच ठेवली आहे, कधी वापरतो, कधी नाही. वीस-पंचवीस मिनिटं झाली की आम्ही काहीतरी निमित्त काढतो. गॅस बंद आहे का बघ, चष्मा कुठे राहिला बघ. तो उठतो, बघतो, परत येताना दुसऱ्या कुशीवर होतो. ते निमित्त आहे हे त्याला कळतं. परवा चष्मा डोळ्यांवर असतानाच आम्ही त्याला शोधायला पाठवलं, तर तो काही न बोलता घरभर एक चक्कर मारून आला.

आता तुम्ही सगळे या प्लास्टिकच्या खुर्च्यांत बराच वेळ अडकलेले आहात. तिसऱ्या रांगेतल्या एका ताईंनी चपला काढून पाय वर घेतले आहेत, हे आम्ही सुरुवातीपासून बघतो आहोत. त्यांनी ते अजिबात खाली घेऊ नयेत. बाकीच्यांनी जरा उभं राहून घ्या, मग आपण प्रश्न घेऊ.